पार्ट मिळत नाही

आमचे चिरंजीव गाडीचा एक पार्ट आणायला म्हणून घराबाहेर पडले, त्याला आठ महिने होत आले होते. तेव्हा एकदा जेवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, तो पार्ट आपणच शोधला तर?"

मी ताटातून मान वर केली नाही.

"म्हणजे त्यांना तिकडे शोधत बसायला नको," ती म्हणाली. "पार्ट इथे आला, तर मग यायला अडचण काय राहिली?"

"काहीच नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

गाडी मागच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. राखाडी रंगाची, वयानं सूनबाईपेक्षा चार-दोन वर्षं मोठीच. मुलगा एका कंपनीत ड्रायव्हर होता. कंपनी बंद पडली तेव्हा त्यानं ही जुनी गाडी घेतली, भाड्यानं चालवायची म्हणून. दोन महिने चालली. मग रस्त्यात तापायला लागली. काटा लाल रेघेपाशी जायचा, रोज बाटलीभर पाणी कमी व्हायचं आणि मागून पांढरा धूर. "हेड गॅस्केट," मुलगा म्हणाला. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं जड झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये एक पातळ, भोकाभोकांचा पत्रा दाबून बसवलेला असतो, तो गॅस्केट. तो जळला की पाणी तेलात जातं आणि दोन्ही धुरात जातात.

मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काढली आहेत. गॅस्केट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पण पंप वेगळा आणि मोटारीचं इंजिन वेगळं, असं चिरंजीवांचं मत. त्यामुळे तो इंजिन खोलायचा आणि मी खुर्ची टाकून बघत बसायचो. काही बोललो तर म्हणायचा, "बाबा, उंटावरून शेळ्या हाकू नका." मग मी खुर्ची घेऊन घरात यायचो. त्यानं इंजिन खोललं, जोडलं, पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं, तिसऱ्यांदा खोललं. शेवटी एके सकाळी पिशवी भरली आणि म्हणाला, "या मॉडेलचं गॅस्केट आपल्याकडे मिळतच नाही. बंदराच्या शहरात जुन्या गाड्यांचा मोठा बाजार आहे. आठवड्यात येतो."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. पार्ट मिळत नाही. एकाकडे आहे म्हणतात, तो गावाला गेलाय. एक मिळाला होता, पण वाकलेला निघाला. मित्राकडे राहतोय, तिथेच काहीतरी काम बघितलंय तोवर. तब्येतीला जपा. सूनबाई फोन ठेवायची आणि मला म्हणायची, "अजून मिळाला नाही." मी म्हणायचो, "जुनी गाडी आहे, वेळ लागणारच."

सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. फ्रेममध्ये काचा बसवायच्या, डोळ्यांनाही दिसणार नाहीत असे स्क्रू फिरवायचे, हे तिचं काम. माझी बायको मुलाच्या लग्नाच्या आधीच वारली होती, त्यामुळे ती या घरात आली ती आम्हा दोन पुरुषांत. मुलगा होता तोवर बोलणं त्याच्यामार्फत व्हायचं. तो गेल्यावर आम्ही एकमेकांशी लागेल तेवढंच बोलायचो. मीठ कमी आहे का? नाही. दार लावू का? लाव. म्हणून तिनं पार्टचा विषय काढला, तेव्हा मला आधी बरं वाटलं ते पार्टमुळे नव्हे.

शनिवारी आम्ही पार्टवाल्याकडे गेलो. बाजाराच्या टोकाला त्याचं अरुंद, लांबलचक दुकान आहे, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मध्ये एक माणूस कसाबसा उभा राहील एवढीच जागा. सूनबाईनं इंजिनचा नंबर कागदावर लिहून आणला होता. पार्टवाल्यानं कागद बघितला, स्टुलावरून उठलाही नाही, मागे हात घातला आणि एक चपटं पाकीट काउंटरवर टाकलं.

"हे घ्या."

"हेच?" सूनबाईनं विचारलं. "नक्की?"

"बाई, या इंजिनाला दुसरं लागतच नाही. माझ्याकडे कायम असतं." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचीच ना ती राखाडी गाडी? तुमच्या मुलानं मागच्या वर्षी दोन नेली होती माझ्याकडून. पंधरा दिवसांच्या अंतरानं."

आम्ही पाकीट घेऊन बाहेर आलो. फाटकापाशी आल्यावर सूनबाई म्हणाली, "दोन्ही खराब निघाली असतील."

"निघायचीच. आजकाल मालाचा काय भरवसा?" मी म्हणालो. "आणि आपण बसलोय काखेत कळसा नि गावाला वळसा घालत."

ती हसली. मीही हसलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन वाजला. तिनं मलाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला. "अहो, पार्ट मिळाला! इथेच मिळाला. काल आणला."

पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता, तेवढाच येत राहिला.

"कुठून आणलात?" मुलानं विचारलं.

तिनं सांगितलं.

"ते चालणार नाही," तो म्हणाला. "त्यात दोन प्रकार येतात. भोकं जुळत नाहीत. उगीच हात लावू नका इंजिनाला, बिघडून ठेवाल. मी आणतोय ना?"

फोन ठेवल्यावर ती पाकीट घेऊन शेडमध्ये गेली. मी मागोमाग गेलो. तिनं इंजिनावरचं गोणपाट बाजूला केलं आणि नवा पत्रा अलगद ठोकळ्यावर ठेवला. चार मोठी भोकं चार सिलिंडरवर, दहा बोल्टची भोकं दहा बोल्टवर, पाण्याची पाण्यावर, तेलाची तेलावर. कुठे केसभरही फरक नव्हता.

"बाबा, जुळतायत."

"हो."

"लांबून त्यांना कसं कळणार म्हणा," ती म्हणाली. तिनं पत्रा पुन्हा पाकिटात घातला. "आपणच बसवू या. गाडी सुरू झाली की मगच कळवू."

असं आमचं काम सुरू झालं. ती साडेपाचला दुकानातून यायची, आम्ही शेडमध्ये शिरायचो ते भूक लागेपर्यंत. मुलानं सुटे भाग बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवले होते. गाडीचं जुनं दुरुस्तीचं पुस्तक होतं, पानापानावर तेलाचे अंगठे उमटलेलं. ते तिनं बघता बघता पाठ केलं. मी पाना फिरवायचो, ती वाचून सांगायची. दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग तिनं सोबत आणलं होतं. ते कपाळावर चढवून ती एकेक व्हॉल्व्ह उजेडात धरायची.

"काय, डोळे तपासतेस इंजिनाचे?" मी विचारलं.

"हो. नंबर वाढलाय बऱ्यापैकी," ती म्हणाली. "चष्मा द्यावा लागणार."

मला तिचा स्वभाव विनोदी आहे हे तेव्हा कळलं. चार वर्षं एका छपराखाली राहून कळलं नव्हतं. काम करताना ती तिच्या लहानपणीचं सांगायची. तिच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, पंक्चर काढायला ती आठव्या वर्षी शिकली होती. मी पंपघराचं सांगायचो. एकदा साहेब पाहणीला आले आणि मी पॅकिंग बदलताना त्यांना डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं होतं, ती गोष्ट मी तिला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा ती हसली.

बुधवारी दुपारी ती दुकानात होती. मला घरात बसवेना. ठोकळ्याचा माथा साफ करायचं काम राहिलं होतं, जुन्या गॅस्केटचा जळका थर चिकटून बसलेला असतो, तो खरवडायचा. मी धारदार पट्टी घेऊन बसलो. लोखंडावर पट्टी खर्र असा आवाज करते. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध अरुंद भिंत असते, जेमतेम बोटाएवढी. तिथे आवाज बदलला. पट्टी मऊ घसरली.

फडक्यानं पुसून पाहिलं. राखाडीत राखाडी, पण जराशी फिकट. नखानं उकरलं तर भुकटी निघाली. दोन ट्यूबमधलं मिसळून लावतात तो लोखंडी मसाला होता तो. पंपावर आम्ही तडा शोधायला एक साधी युक्ती करायचो. जागेवर रॉकेल फिरवायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड धरायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुन्हा वर येतं. मी तसंच केलं. पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटत गेली. पाण्याच्या भोकापासून निघाली, मसाल्याखालून गेली आणि तिसऱ्या सिलिंडरच्या आत उतरली.

मी पट्टी खाली ठेवली.

मसाला घाईगर्दीत लावलेला नव्हता. दाबून भरलेला, बारीक कागदानं घासलेला, ठोकळ्याच्या पातळीला पातळी जुळवलेली. एवढं सुबक काम त्यानं आयुष्यात दुसरं केलं असेल असं मला वाटत नाही. पहिलं गॅस्केट बसवलं, गाडी तापली. पुन्हा खोललं, तडा दिसला. मसाला भरला, दुसरं गॅस्केट बसवलं, गाडी तापली. तिसऱ्यांदा खोललं आणि पिशवी भरली. तो घरातून निघाला तेव्हा त्याला कुठलाच पार्ट नको होता. कुठलाही पार्ट आणून हे होणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी वेल्डरकडे गेलो. आम्ही एकाच पंपघरातून निवृत्त झालो, त्याचं अजून छोटं वर्कशॉप आहे. मी त्याला बोटानं लांबी-रुंदी दाखवली.

"बीड आहे, ओतीव लोखंड," तो म्हणाला. "बीडाला असला टाका धरत नाही, तुला माहितीये."

"तीन नंबरच्या पंपाला आपण पिना मारून शिवलं होतं."

"तिथे चार बोटं जागा होती. इथे पिन मारायला भिंत कुठाय? सिलिंडरमध्येच निघेल." त्यानं हात पुसले. "दुसरा ठोकळा बघ."

"मिळेल?"

"ज्याच्याकडे असेल, त्याचाही असाच फुटलेला असेल." मग म्हणाला, "कुणासाठी करतोयस एवढं?"

"सुनेला हवीय," मी म्हणालो.

घरी येताना मी ठरवलं होतं, आजच सांगून टाकायचं. साडेपाचला फाटक वाजलं. सूनबाई चपलाही न काढता सरळ शेडमध्ये आली. काचा पुसायची मऊ फडकी तिनं दुकानातून मागून आणली होती, व्हॉल्व्ह चकाचक करायला. "मालकांना सांगितलं, घरात एक पेशंट आहे," ती म्हणाली. आणि ठोकळ्याकडे वळली. "आज खालचा भाग घेऊ या का?"

"तो मी करतो," मी म्हणालो. "तू हेडचं बघ."

आणि मी तिच्याकडे पाठ करून बसलो. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी तोच मसाला आणून त्याच जागी भरला, त्याच बारीक कागदानं घासला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी बुडत होतो आणि काडी रंगवत होतो. पण खरं सांगायचं तर मला गाडी चालेल अशी आशा नव्हती. मला अजून आठ-दहा संध्याकाळी हव्या होत्या.

त्या मिळाल्या. हेड चढवलं. टायरवाल्याकडून बोल्ट किती आवळला ते दाखवणारा पाना आणला. सूनबाई पुस्तकातला क्रम वाचायची, मधल्या बोल्टपासून बाहेर, एकदम नाही, तीन टप्प्यांत. मी आवळायचो. पाण्याचे पाइप, कार्बोरेटर, प्लग. पुढच्या आठवड्याच्या शनिवारी दुपारी सगळे डबे रिकामे झाले. एकही स्क्रू उरला नाही. सूनबाईनं डबे उलटे करून खात्री केली.

ती स्टिअरिंगवर बसली, मी बॉनेटपाशी. तिनं चावी फिरवली. इंजिन घरघरलं, कुंथलं आणि कार्बोरेटरमधून फाट् करून जाळ निघाला.

"आग लागली?" ती ओरडली.

"नाही, उलटी शिंकली."

आम्ही पुन्हा सुरुवातीपासून बघितलं. पेट्रोल येतंय का? येतंय. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवला, ठिणगी पडते का? पडते. दोन्ही आहे आणि तरी शिंकते. मी डोकं खाजवत बसलो. ती पुस्तक घेऊन पायरीवर बसली आणि एकदम हसायला लागली.

"बाबा, आपण प्लगच्या तारा कशा लावल्यात?"

"ओळीनं. एक, दोन, तीन, चार."

"पुस्तकात एक, तीन, चार, दोन आहे. आपण पाढे म्हटल्यासारखं सरळ मोजलंय."

तारा बदलल्या. तिनं चावी फिरवली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. आधी अडखळत, मग एका लयीत. शेडचा पत्रा थरथरायला लागला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई खिडकीत आल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. सूनबाईनं हॉर्न दाबला. ती हसताना नेहमी तोंडावर हात धरते. त्या दिवशी दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, त्यामुळे तिचे पुढचे दात मला पहिल्यांदा नीट दिसले. एक जरा तिरपा होता.

"उद्या दहाला आवाज ऐकवू त्यांना!" इंजिनाच्या वर आवाज चढवून ती म्हणाली. "फोन इथेच आणू!"

मी रेडिएटरचं तोंड उघडं ठेवलं होतं. त्यात बघत उभा होतो. पहिली पाच मिनिटं पाणी शांत होतं. मग एक बुडबुडा आला. मग दोन. मी घड्याळ बघितलं. दहाव्या मिनिटाला पाणी उकळल्यासारखं फसफसत होतं, आणि ते अजून उकळण्याइतकं गरम झालेलं नव्हतं; सिलिंडरमधला वायू तड्यातून पाण्यात शिरत होता. मागून धूर पांढरा होत गेला. काटा चढायला लागला तेव्हा ती गाडीतून म्हणाली, "बाबा, काटा." मी हातानं बंद करायची खूण केली.

इंजिन थांबलं. मास्तरीणबाई अजून खिडकीतच होत्या. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

"विश्रांती," मी म्हणालो. त्या आत गेल्या.

सूनबाई उतरून पुढे आली. तिनं फडकं घेऊन तेलाचं झाकण फिरवलं, काढलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय धरली होती.

"नवं तेल आहे," मी म्हणालो. "बसायला वेळ लागतो."

"पान एक्केचाळीस," ती म्हणाली. "तेलात पाणी."

शेडमध्ये गरम लोखंड आकसताना टिक टिक वाजत होतं.

"बाबा, खालचा भाग तुम्ही मला साफ करू दिला नाहीत."

मी रेडिएटरचं झाकण शोधायला लागलो.

"गॅस्केट नाहीये ना कारण?"

"नाही."

"मग?"

"ठोकळ्याला तडा आहे. दोन आणि तीनच्या मध्ये."

"कधी दिसला?"

"बुधवारी. मागच्या."

तिनं मनातल्या मनात दिवस मोजले. "आणि त्यांना?"

"तिथे आधीचा मसाला भरलेला होता," मी म्हणालो. "नीट घासून."

तिनं झाकण पुन्हा जागेवर बसवलं आणि आवळलं, अगदी घट्ट, जणू गाडी आता कुठे निघायची होती. मग हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

"म्हणजे तो गेला तेव्हा त्याला काही आणायचंच नव्हतं," ती म्हणाली.

माझ्यासमोर ती त्याला कधी 'तो' म्हणाली नव्हती. नेहमी 'ते', 'त्यांना'. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"त्याचं मला समजलं," ती म्हणाली. "तुमचं नाही समजलं. तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, चालेल कदाचित."

"तुम्हाला नव्हतं वाटलं, बाबा. तुम्ही एकतीस वर्षं पंपावर होतात."

बोलायचं ते एवढंच होतं की संध्याकाळी बऱ्या जात होत्या. ते माझ्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तरी त्यानं काय झालं असतं? मुलानं तिला आठ महिने झुलवलं आणि मी दहा दिवस. दिवस कमी भरले, एवढाच माझा चांगुलपणा.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन वाजला. मला वाटलं, ती उचलणार नाही. तिनं उचलला आणि सवयीनं टेबलावर ठेवला.

"पार्ट काही..." त्यानं सुरुवात केली.

"गाडी सुरू झाली," ती म्हणाली.

मग त्यानं एकच प्रश्न विचारला. कुणी बसवली, कशी बसवली, काही नाही. म्हणाला, "किती वेळ चालली?"

"अठरा मिनिटं."

"माझी बारा चालली होती," तो म्हणाला.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. फोन टेबलावर तसाच होता, म्हणून मी बोललो.

"मी आहे."

"बाबा, मला सांगायचं होतं."

"काय?"

"की हे होत नाहीये."

"मग सांगायचं होतंस."

"दर रविवारी सांगतच होतो की."

"तू म्हणत होतास, पार्ट मिळत नाही."

"तेच ते," तो म्हणाला.

मी म्हणालो, "परत ये."

"कशाला?"

त्यानं हे उद्धटपणे विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. तिथे काय आहे, येऊन करू काय, असं. मी उत्तर शोधलं. नोकरी नव्हती, गाडी नव्हती, आणि स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता. "घर आहे," मी म्हणालो. तो "हं" म्हणाला. थोड्या वेळानं फोन आपोआप बंद झाला की त्यानं केला, मला कळलं नाही.

पुढच्या रविवारी दहाला आम्ही दोघंही घरातच होतो. ती कपडे घड्या करत होती, मी काहीतरी वाचत होतो. फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी एकदा स्वतः लावून बघितला, नंबर बंद होता.

गाडी भंगारवाल्यानं नेली. साखळी लावून ओढत नेली, कारण तिला स्टार्ट करायला आमच्यापैकी कुणीच तयार नव्हतं. शेडमध्ये तेलाचा डाग राहिला, तो मी वाळू टाकून झाकला.

मला वाटलं होतं, आता तरी आम्ही दोघं बोलू. गाडीचं खोटं संपलं, दडवायला काही उरलं नाही. पण झालं उलटंच. ती साडेपाचला यायची, स्वयंपाक करायची, मला वाढायची आणि स्वतः ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवायची. मी विचारायचो, आज दुकानात गर्दी होती का? होती. ती विचारायची, मीठ बरोबर आहे का? आहे. मग दार लावलं जायचं. माझ्यावर रागही नव्हता तिचा. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, भांडण झालं असतं, मिटलं असतं. ती फक्त माझ्याकडे बघताना आता आधी एक क्षण थांबायची. दुकानात गिऱ्हाईक नंबर सांगतं तो खरा की अंदाजानं, हे पाहते तशी.

दोन महिने असे गेले. शेवटी मीच म्हणालो, "तू इथे कुणासाठी राहतेस?"

तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "तुम्ही पण पाठवताय मला?"

"पाठवत नाही. विचारतोय."

"कुठे जाऊ? भावाकडे? त्याच्या घरात त्याच्या पोरांनाच झोपायला जागा नाही." तिनं तांब्या खाली ठेवला. "आणि तुमच्याकडे कोण बघणार?"

"माझं मी बघतो," मी म्हणालो. दोघांनाही माहीत होतं की हेही त्या मसाल्यासारखंच, पण या वेळी ती काही म्हणाली नाही.

खोली मीच शोधली. तिच्या दुकानापासून चालत सात मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडे खिडकी. आधी जाऊन नळ तपासले, दाराची कडी बदलली, भिंतीला ओल आहे का ते हात लावून बघितलं. ओल होती थोडी. ती मी तिला सांगितली. "कोपऱ्यात ओल आहे," म्हणालो, "पावसाळ्यात वाढेल." तिनं मान हलवली. "चालेल," म्हणाली.

तिचं सामान एका टेम्पोत मावलं. निघताना ती माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला मधेच धरलं. म्हणाली, "रविवारी येईन." मी म्हणालो, "ये."

पहिल्या दोन रविवारी आली. मग दुकानात रविवारचं काम निघालं, मग तिला ताप आला, मग भावाच्या मुलीचं काही होतं. खोटं काहीच नव्हतं. नंतर ती महिन्यातून एकदा यायला लागली.

परवा आली होती. मला नवा चष्मा घेऊन, नंबर तिनंच तपासला होता. आम्ही चहा घेतला. तिला आता काउंटरवर बढती मिळालीय. मी विचारलं, हाताखाली माणसं आहेत का? दोन आहेत. मुलाचं तिनं विचारलं नाही, मीही काढलं नाही, काढण्यासारखं काही आलेलंच नाही. खोलीतली ओल वाढलीय का विचारलं. वाढलीय म्हणाली. "मी येऊन बघू का?" मी विचारलं. "नको," ती म्हणाली, "घरमालक करून देणार आहेत." मग तिनं घड्याळ बघितलं.

मी तिला थांब्यापर्यंत सोडायला गेलो. नव्या चष्म्यातून रस्ता फार स्पष्ट दिसत होता, समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं अगदी खालचं बारीक अक्षरही. मी वाटेत एक-दोनदा बोलायला तोंड उघडलं. त्या दहा दिवसांबद्दल काहीतरी सांगायचं होतं, नक्की काय ते मलाच जुळवता येत नव्हतं. म्हटलं, थांब्यावर पाच-सात मिनिटं मिळतील, तेव्हा बोलू.

बस आम्ही पोहोचायच्या आधीच उभी होती. ती धावत जाऊन चढली.